जीवभौतिकी : आपल्या मुलामुलींसाठी एक अपरिचित शिक्षणवाट

वैद्यकीय संशोधनाच्या जगात आपल्या धाराशिव जिल्ह्याचे नाव एका महत्त्वाच्या कार्यामुळे नोंदले गेले आहे. मात्र जिल्ह्यातील फार थोड्यांना ते ठाऊक आहे. एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकेतील नामांकित नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता ग्रामीण भारतातील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, आणि क्षेत्र होते तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केले होते. बार्शी हे गाव सोलापूर जिल्ह्यात असले, तरी भूम आणि परंडा तालुक्यांचा त्याच्याशी रोजचा संबंध आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथेच सुरू झाली आणि तिच्या कक्षेत हे दोन्ही तालुके होते.

या अभ्यासात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटातील स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, दुसऱ्या गटात पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तर तिसऱ्या गटात ॲसेटिक आम्ल लावून प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणी करण्यात आली. चौथ्या गटाला त्या वेळी उपलब्ध असलेली नेहमीची आरोग्यसेवाच मिळाली. (या चौथ्या गटाविषयी पुढे नैतिकतेच्या अंगाने बरीच चर्चा झाली, हेही नमूद केले पाहिजे.) आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर आकडे समोर आले. चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते, तर त्याहून थोड्या मोठ्या असलेल्या एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. म्हणजे एका तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पेशींची तपासणी आणि डोळ्यांनी केलेली पाहणी या दोन पद्धतींत मात्र मृत्यूंत असा स्पष्ट फरक दिसला नाही.

हे सविस्तर सांगण्याचे कारण त्या तपासणीच्या स्वरूपात दडलेले आहे. नमुन्यातील विषाणूच्या डीएनएचे दोन धागे प्रथम अल्कलीच्या साह्याने विलग करायचे, त्यांना जुळणारे आरएनएचे तुकडे त्यांच्याशी जोडू द्यायचे, ही जोडी प्रतिद्रव्यांनी पकडायची आणि शेवटी रासायनिक क्रियेतून बाहेर पडणारा मंद प्रकाश यंत्राने मोजायचा. प्रकाश ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर विषाणू आहे. भूम-परंड्याकडच्या खेड्यातील एखाद्या भगिनीचे प्राण वाचणे हे अखेर प्रकाशाच्या एका अचूक मोजमापावर अवलंबून होते. असे मोजमाप करणारे, त्यासाठी यंत्रे घडवणारे आणि त्यामागील नियम शोधणारे जे शास्त्र आहे, त्याचे नाव जीवभौतिकी.

जीवभौतिकी म्हणजे काय?

सजीवांत घडणाऱ्या क्रियांचा भौतिकशास्त्राच्या नियमांनी आणि गणिताच्या भाषेत केलेला अभ्यास म्हणजे जीवभौतिकी. व्याख्या कोरडी वाटते. परंतु या शास्त्राची फळे आपल्या घरात आधीच पोहोचलेली आहेत. कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर विकत घेतले. ते छोटे उपकरण बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाशकिरण पाठवते. प्राणवायू धारण केलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू नसलेले हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. या फरकाचा हिशेब करून ९८ किंवा ८५ असा आकडा समोर येतो. जपानमधील ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४ च्या सुमारास हे तत्त्व मांडले.

एमआरआयचेही तसेच आहे. शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे असंख्य अणू असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यांच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी चाळवले, की ती परत संकेत देतात आणि त्या संकेतांतून मेंदूचे वा मणक्याचे चित्र उभे राहते. या शोधासाठी २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले. यांपैकी पहिले रसायनशास्त्रज्ञ, दुसरे भौतिकशास्त्रज्ञ. मज्जातंतूंतून संदेश कसा वाहतो, याचे गणित हॉजकिन आणि हक्स्ले यांनी १९५२ मध्ये मांडले. पेशींच्या पटलातून आत-बाहेर करणाऱ्या सोडियम आणि पोटॅशियमच्या विद्युतभारित कणांची ती आकडेमोड आहे. आज हृदयरोगाच्या आणि मेंदूविकारांच्या अभ्यासात तिचा उपयोग होतो.

डीएनएची दुहेरी सर्पिल रचना १९५३ मध्ये उलगडली, तीही क्ष-किरणांच्या छायाचित्रांवरून. ती छायाचित्रे टिपण्यात रोझलिंड फ्रँकलिन यांचा मोठा वाटा होता. त्या शोधातील फ्रान्सिस क्रिक हे मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. आपल्या देशातही याच सुमारास मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी १९५४ मध्ये कोलॅजेन या प्रथिनाची तिहेरी सर्पिल रचना सुचवली. १९६३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनाच्या साखळीला कोणते कोन शक्य आहेत आणि कोणते अशक्य, याचा आलेख मांडला. अणू एकमेकांवर आदळू नयेत, एवढ्या साध्या अटीवर रचलेला तो भूमितीचा हिशेब आहे. आजही जगात कोठेही प्रथिनाची नवी रचना शोधली, की ती 'रामचंद्रन आलेखा'वर तपासून पाहतात.

नागपूरचा एक विद्यार्थी

हे सारे मोठ्या शहरांतील आणि परदेशांतील लोकांचे काम, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू. डॉ. शेखर मांडे यांनी नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी रेणवीय जीवभौतिकीत पीएच.डी. मिळवली. क्षयरोगाच्या जंतूतील प्रथिनांच्या रचनेवर त्यांनी संशोधन केले आणि २००५ मध्ये त्यांना जीवशास्त्र विभागातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पदव्युत्तर पदवी भौतिकशास्त्राची आणि राष्ट्रीय पुरस्कार जीवशास्त्रातला! २०११ पासून ते पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालक होते आणि २०१८ ते २०२२ या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. या वाटचालीचा प्रारंभ राज्यातील एका विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गातून झाला, ही गोष्ट धाराशिवच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

दुसरे उदाहरण वेंकटरमण रामकृष्णन यांचे. त्यांनी १९७१ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केले आणि १९७६ मध्ये अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी. मिळवली. त्यानंतर आपले मन जीवशास्त्रात आहे, हे ओळखून ते पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात बसले. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पीएच.डी. झाल्यावर पुन्हा पहिल्या इयत्तेपासून शिकण्यासारखेच ते होते.

दोन्ही उदाहरणांतून एक व्यावहारिक बोध मिळतो. भौतिकशास्त्र आणि गणित पक्के असेल, तर जीवशास्त्र पुढे शिकता येते. उलट, गणित एकदा सुटले की ते पुन्हा धरणे फार अवघड जाते.

अकरावीचा निर्णय

आपल्या कुटुंबांत दहावीनंतर साधारणपणे तीन वाटा मानल्या जातात. दुकान सांभाळायचे असेल तर वाणिज्य, गुण चांगले असतील तर अभियांत्रिकी आणि फारच चांगले असतील तर 'नीट'. तिसऱ्या वाटेसाठी मुलामुलींना लातूरला ठेवले जाते, एखादे वर्ष वाया गेले तर पुन्हा ठेवले जाते. २०२४ मध्ये देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी 'नीट' दिली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. म्हणजे दर वीसपैकी एकाच्या वाट्याला जागा. उरलेल्या एकोणीस जणांत अशी कितीतरी मुले असतात, ज्यांना शरीर कसे चालते याविषयी खरीखुरी जिज्ञासा असते. निकालाच्या दिवशी घरातले वातावरण असे होते, की जणू त्या जिज्ञासेचाही निकाल लागला. वास्तविक डॉक्टर होणे आणि जीवनाचा अभ्यास करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाट बंद झाली, तरी दुसरी खुलीच राहते.

ती खुली ठेवण्यासाठी अकरावीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय घ्यावेत. आपल्या राज्यमंडळात ते शक्य आहे. अभ्यासाचा भार वाढतो, हे खरे. दोहोंपैकी एकच निवडणे भाग पडले, तर वर सांगितलेल्या कारणास्तव गणित सोडू नये.

बारावीनंतरची पहिली वाट जवळची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचे आणि मग एम.एस्सी.साठी बाहेर पडायचे. या विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिव शहरातच आहे. सोलापूरचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठही फार दूर नाही. मुंबई विद्यापीठात जीवभौतिकीचा स्वतंत्र विभाग आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

दुसरी वाट स्पर्धेची आहे. पुण्याची 'आयसर' ही संस्था २००६ मध्ये स्थापन झाली. तिथे पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम आहे आणि सुरुवातीला भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असे सर्व विषय शिकवले जातात. प्रवेशासाठी 'आयसर'ची स्वतंत्र परीक्षा असते. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी २००७ मध्ये कलिना येथे सुरू केलेल्या मूलभूत विज्ञान केंद्रातही पाच वर्षांची एकात्मिक एम.एस्सी. आहे. तिथला प्रवेश 'नेस्ट' या परीक्षेतून होतो. पीएच.डी.साठी बंगळुरूचा रेणवीय जीवभौतिकी विभाग, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयआयटी मुंबई आणि पुण्याचे पेशी विज्ञान केंद्र अशी उत्तम ठिकाणे आहेत.

संशोधनाची आवड नसेल, पण विषय आवडत असेल, अशांसाठी वैद्यकीय भौतिकीची वाट आहे. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देताना गाठीला किती मात्रा द्यायची आणि शेजारचे निरोगी अवयव कसे वाचवायचे, हे गणित वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ मांडतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार प्रत्येक किरणोपचार केंद्रात असा तज्ज्ञ असणे बंधनकारक आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्समधील पदविका घेऊन या क्षेत्रात प्रवेश करता येतो. कर्करोग रुग्णालये आता मोठ्या शहरांपुरती मर्यादित राहिलेली नाहीत, हे बार्शीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

अहिंसेचा प्रश्न

आपल्या समाजातील कित्येक मुलामुलींनी आजवर जीवशास्त्र टाळले ते प्राणिविच्छेदनामुळे. बेडूक वा उंदीर कापायचा, या कल्पनेनेच घरातले वडीलधारे अस्वस्थ होत आणि मूल विषय बदलत असे. ही परिस्थिती आता बरीच पालटली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्र आणि जीवविज्ञानाच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते बंद करण्याचे निर्देश दिले. प्रतिकृती आणि संगणकीय साधने यांनी त्याची जागा घेतली.

जीवभौतिकीच्या अनेक शाखांत तर हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. प्रथिनाचे स्फटिक बनवून त्यावर क्ष-किरण सोडणे, चुंबकीय अनुनादाने रेणूची रचना पाहणे किंवा संगणकावर रेणूच्या हालचालींचे गणित मांडणे, ही कामे बहुधा जिवंत प्राण्याला हात न लावता होतात. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हस्साबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. बेकर यांनी संगणकाच्या साह्याने नवी प्रथिने रचली, तर हस्साबिस आणि जम्पर यांनी प्रथिनाची रचना संगणकाने भाकीत करण्याची पद्धत शोधली. मात्र सर्वच प्रयोगशाळा अशा नाहीत. मज्जातंतू, औषधे आणि किरणोत्सर्गाचे परिणाम यांवरील संशोधनात प्राण्यांचा वापर आजही होतो. म्हणून पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडतानाच तिथे कोणत्या प्रकारचे प्रयोग चालतात, हे विद्यार्थ्याने स्पष्टपणे विचारावे. तसे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

खर्चाचा हिशेब

बँकेच्या नोकरीत शैक्षणिक कर्जाची प्रकरणे हाताळताना एक गोष्ट मी नेहमी पाहिली. पालक वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणासाठी कर्ज मागत. मूलभूत विज्ञानासाठी कोणी क्वचितच येई. त्याचे एक कारण असे, की त्या शिक्षणाला तितका खर्चच येत नाही. शासकीय वा अनुदानित महाविद्यालयातील बी.एस्सी.चे शुल्क आपल्या कुटुंबांना जड नसते. शिवाय बारावीला राज्यमंडळाच्या पहिल्या एक टक्का विद्यार्थ्यांत येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी केंद्र शासनाची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती आहे. ती वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत असून त्यातील २०,००० रुपये उन्हाळी प्रकल्पासाठी असतात.

'आयसर'सारख्या निवासी संस्थेत शुल्क आणि वसतिगृह मिळून खर्च वाढतो. तिथे कर्जाचा विचार करता येईल. साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला हमी योजनेखाली तारण लागत नाही. परतफेड सर्वसाधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होते आणि तिची मुदत पंधरा वर्षांपर्यंत असू शकते. शिक्षणाच्या काळात व्याज भरत राहिल्यास पुढचा हप्ता बराच हलका होतो. ज्या घरांना शक्य आहे, त्यांनी तसे अवश्य करावे. भरलेल्या व्याजावर आयकर कायद्याच्या कलम ८०-ई अन्वये आठ वर्षे वजावट मिळत आली आहे, मात्र ती जुन्या करप्रणालीतच.

पीएच.डी.च्या टप्प्यावर घरातून पैसे पाठवण्याची गरज उरत नाही. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा.

घरातील खरा प्रश्न

पैशाचा हिशेब सोपा असतो, वेळेचा अवघड. बारावीनंतर पाच वर्षे पदव्युत्तर शिक्षणाला आणि आणखी पाच-सहा वर्षे पीएच.डी.ला लागतात. म्हणजे मूल अठ्ठावीस वर्षांचे होते. तोवर त्याच्या बरोबरीचा चुलतभाऊ आडतीचा व्यवहार किंवा कापडाचे दुकान पाहू लागलेला असतो. मुलीच्या बाबतीत तर तिशी जवळ आली म्हणून आप्तेष्ट दर सणासमारंभाला विचारणा करतात. संशोधकाची नोकरी कळंब वा उमरग्यात मिळणार नाही. ती पुण्यात, बंगळुरूत वा परदेशात मिळेल. 'दुकान कोण पाहणार?' हा प्रश्न वडील बोलून दाखवत नाहीत, पण तो घरात असतोच. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर पांघरूण घालून मुलाला विज्ञानाच्या वाटेवर पाठवणे योग्य नाही. त्या आधीच मोकळेपणाने बोलल्या, तर पुढे मुलालाही अपराधी वाटत नाही आणि वडिलांनाही फसल्यासारखे वाटत नाही.

व्यापारी घराण्यांनी अशी वाट पूर्वी मोकळी करून दिलेली आहे. अहमदाबादच्या गिरणीमालक जैन कुटुंबातील विक्रम साराभाई यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला आणि १९४७ मध्ये भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. उदयपूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले डॉ. दौलतसिंह कोठारी भौतिकशास्त्रज्ञ होते. १९६१ पासून ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि देशाचे शैक्षणिक धोरण घडवणाऱ्या आयोगाला त्यांचेच नाव मिळाले. शिवाय आपल्या दुकानांतून लहानपणापासून मुलांना जे मिळते, म्हणजे आकड्यांची सवय, वजनमापातील काटेकोरपणा आणि रोजच्या रोज हिशेब मिटवण्याची शिस्त, ते प्रयोगशाळेतही उपयोगी पडते.

म्हणून अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी एक संध्याकाळ मुलाबरोबर वा मुलीबरोबर निवांत बसावे. कोणता विषय सोपा वाटतो, हे विचारू नये. कोणत्या विषयाचे पुस्तक परीक्षा नसतानाही उघडावेसे वाटते, हे विचारावे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संशोधन संस्था सर्वसामान्यांना आत येऊन पाहण्याची संधी देतात. त्या वेळी पुण्याची एखादी फेरी मुलाला सोबत घेऊन करावी. खरेदीच्या फेरीला जोडूनही ती होऊ शकते. त्यानंतर मुलाने वाणिज्य निवडले, तर ते समजून-उमजून निवडलेले असेल. आणि त्याने वा तिने भौतिकशास्त्राचे पुस्तक हाती धरले, तर घरातल्या मोठ्यांनी पुढील दहा वर्षे त्याच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी त्याच संध्याकाळी करावी.